मधल्या इंजिनाची जुनी गाडी: भीती नेमकी कशाची बाळगायची?

टोयोटाने १९८४ मध्ये एमआर-टू बाजारात आणली. तोवर सीटच्या मागे इंजिन असलेली गाडी म्हटलं की बहुतेकांना फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी आठवायची. फियाटची १९७२ ची एक्स-वन-नाइन हा त्यातला स्वस्त अपवाद. मधल्या इंजिनाची स्पोर्ट्स कार मोठ्या संख्येने बनवणारी टोयोटा ही पहिली जपानी कंपनी. एमआर-टूच्या तीन पिढ्या झाल्या: पहिली १९८४ ते १९८९, दुसरी १९८९ ते १९९९ आणि तिसरी १९९९ ते २००७. त्यानंतर टोयोटाने ही गाडी बंद केली.

भारतात ती अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. वापरलेली मोटार बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, असा आपला आयातीचा नियम आहे. त्यामुळे ती वाट बंदच आहे. पण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा जपानमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही गाडी आजही परवडू शकते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या पिढीची गाडी नव्या साध्या हॅचबॅकच्या निम्म्याहून कितीतरी कमी पैशांत मिळते. तरी ती घ्यायचा विषय काढला की ओळखीतले लोक घाबरवतात. "मागून घसरते", "खर्चात बुडशील", "रोज चालवायची गाडी नव्हे ती" ही त्यांची ठरलेली वाक्यं. दुसरीकडे काही हौशी मंडळी "टोयोटा आहे, डोळे झाकून घे" असंही सांगतात.

माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. या गाडीत घाबरण्यासारख्या गोष्टी आहेत, पण लोक घाबरतात त्या नव्हेत.

गैरसमज: इंजिन मागे असलं की गाडी मधल्या इंजिनाची

वस्तुस्थिती: इंजिन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान असेल, तरच ते मधलं इंजिन. पोर्श ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं, म्हणून ती मधल्या इंजिनाची नाही. पोर्श बॉक्सस्टर मात्र आहे. एमआर-टूमध्ये इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे, आडवं बसवलेलं असतं.

टोयोटाची युक्ती साधी होती. पुढची चाकं ओढणाऱ्या कुटुंबाच्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स हा अख्खा जोड उचलायचा आणि सीटच्या मागे बसवायचा. चारचाकीच्या कारखान्यात आधीपासून तयार होणारेच भाग वापरल्यामुळे किंमत आवाक्यात राहिली. फियाटने १२८ या गाडीच्या इंजिनाबाबत हेच केलं होतं आणि पुढे १९९५ मध्ये एमजी एफ याच वाटेने आली. म्हणजे परवडणारी मधल्या इंजिनाची गाडी ही घरगुती गाडीच्या इंजिनावर उभी असते. पुढचे बरेच गैरसमज एवढं लक्षात ठेवलं की सुटतात.

गैरसमज: वजन मधे, म्हणजे पुढे-मागे निम्मं-निम्मं

वस्तुस्थिती: एमआर-टूचं साधारण ४२ ते ४४ टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि बाकीचं मागच्या चाकांवर असतं. मागे वजन जास्त असल्यामुळे वेग घेताना मागच्या चाकांना रस्त्यावर चांगली पकड मिळते. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकतं, त्यामुळे चारही टायर कामाला लागतात.

मधल्या इंजिनाचा खरा फायदा टक्केवारीत नाही. सगळ्यात जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ असणं हा तो फायदा आहे. खांद्यावर कावड घेऊन वळून पाहा आणि कमरेवर घागर घेऊन वळून पाहा. वजन तेवढंच असलं तरी कावडीची टोकं वळायला वेळ घेतात आणि वळल्यावर थांबायलाही. मधल्या इंजिनाची गाडी घागरीसारखी चटकन वळते. स्टिअरिंग जरासं हलवलं की नाक वळणात शिरतं. ही गाडी चालवण्यातला आनंद त्यातूनच येतो. पुढचा वादही त्यातूनच निघतो.

गैरसमज: ही गाडी कधीही, काही कारण नसताना गिरकी घेते

वस्तुस्थिती: कारणाशिवाय कुठलीच गाडी गिरकी घेत नाही, आणि इथलं कारण चांगलं ठाऊक आहे.

भर वळणात वेग जास्त वाटला की माणूस घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढतो किंवा ब्रेक दाबतो. त्या क्षणी वजन पुढे सरकतं आणि मागच्या टायरांवरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की पकड कमी होते. पण मागे बसलेलं जड इंजिन सरळ जायच्याच ओढीत असतं. मागचा भाग बाहेर सुटतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीतही असं होऊ शकतं. फरक वेगाचा आहे. जी गाडी चटकन वळते ती चटकन फिरतेही, त्यामुळे सावरायला वेळ कमी मिळतो.

पावसात हा प्रकार बहुधा दोन टप्प्यांत घडतो. आधी हलकं नाक पकड सोडतं आणि गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ लागते. चालक दचकून पाय काढतो. वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना एकाएकी पकड मिळते आणि मागचे टायर ती सोडतात. चालकाला वाटतं, गाडीने दगा दिला. खरं म्हणजे गाडीने त्याच्या पायाचं ऐकलेलं असतं.

ही बदनामी मुख्यतः दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांमुळे पसरली, आणि तिला आधार होता. १९८९ पासूनच्या त्या गाड्यांना १४ इंची चाकं होती. पुढचे टायर १९५ आणि मागचे २०५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे जवळपास सारखेच. मागचं वजन मात्र बरंच जास्त. १९९२ च्या सुमारास टोयोटाने मागच्या सस्पेन्शनची रचना बदलली, चाकं १५ इंची केली आणि मागचे टायर २२५ चे केले. गाडी पुष्कळ शांत झाली. तिसऱ्या पिढीत तर वजनच सुमारे १००० किलोवर आणलं, आणि ती तिघींतली सर्वांत समजूतदार ठरली.

यातून मालकाने तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली टायरांची. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे आणि टोयोटाने ठरवून दिलेल्या मापाचे हवेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असणं ही मूळ रचना आहे. दिसायला बरं म्हणून पुढे रुंद टायर घातले की टोयोटाने राखलेला तोल बिघडतो. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. तिथे २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. या गाड्या वर्षभरात फार चालत नाहीत, म्हणून टायर झिजण्याआधीच कडक होतात. पावसात घसरलेल्या गाडीची चौकशी सगळ्यात आधी इथून सुरू करावी.

दुसरी अलाइनमेंटची. जुन्या सस्पेन्शनचे रबरी बुश सैल झाले की मागची चाकं वळणात आपली दिशा बदलू लागतात. बुश बदलून चारही चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं की तीच गाडी निराळी भासते.

तिसरी सवयीची. वळणाआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग कमी करावा. वळणात ॲक्सिलरेटरवर पाय हलका पण स्थिर ठेवावा. वळण सुटू लागलं की सावकाश वेग वाढवावा. वळणात काहीही झटक्याने करायचं नाही. ओल्या जमिनीवर घसरती गाडी सावरायला शिकवणाऱ्या शाळा ब्रिटन-अमेरिकेत आहेत. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी तिथे एक दिवस घालवावा, हे मी प्रत्येक नव्या मालकाला सांगेन.

गैरसमज: दिसते फेरारीसारखी, खर्चही फेरारीचाच

वस्तुस्थिती: दुसऱ्या पिढीला 'गरिबाची फेरारी' हे नाव पडलं ते दिसण्यावरून. तिच्यावर फेरारीसारखं कवच चढवायचा धंदाही काही वर्षं चालला. पण झाकण उघडलं की आत टोयोटाचं चार सिलिंडरचं इंजिन असतं, आणि ते इतर टोयोटा गाड्यांतही असतं.

पहिल्या पिढीच्या बहुतेक गाड्यांचं १,५८७ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन कोरोलाच्या वेगवान आवृत्त्यांतलं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या बिनटर्बो गाडीत कॅमरीचं २.२ लिटरचं इंजिन. तिसऱ्या पिढीचं १,७९४ सीसीचं इंजिन तर आपल्याही ओळखीचं आहे. २००३ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा कोरोलामध्ये याच घराण्याचं इंजिन होतं. मुंबई-पुण्यातल्या ज्या मेकॅनिकांनी त्या कोरोलांची कामं केली, त्यांना ते परकं वाटणार नाही. पुढे लोटसने एलिस एस या आपल्या मधल्या इंजिनाच्या गाडीतही हेच इंजिन वापरलं. त्यामुळे फिल्टर, प्लग, सेन्सर, वॉटर पंप, इंजिनाची गॅस्केटं या गोष्टी मिळतात आणि त्यांचे दर माणसांत असतात.

खर्च वाढतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे फक्त एमआर-टूचेच असलेले भाग: आतलं प्लास्टिक, काचांची आणि छताची रबरं, दिव्यांची कवचं, पत्र्याचे भाग. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे यातलं बरंचसं आता कंपनीकडे नाही. ते मोडीत निघालेल्या गाड्यांतून किंवा हौशी मालकांच्या मंडळांकडून मिळवावं लागतं. म्हणून खरेदी करताना आतून-बाहेरून पूर्ण असलेली गाडी घ्यावी. इंजिन दुरुस्त करता येतं, हरवलेली पट्टी शोधण्यात वर्ष जातं.

दुसरं म्हणजे मजुरी. इंजिन सीटच्या मागे अरुंद जागेत बसलेलं असतं. प्रत्येक कामाला इंजिन उतरवावं लागतं, हे खरं नाही. ऑइल, फिल्टर, बेल्ट, आणि तिसऱ्या पिढीत प्लगसुद्धा, नेहमीसारखे बदलता येतात. पण क्लचचं काम मोठं असतं. टर्बोच्या मागे दडलेला कूलंटचा पाइप बदलायचा तर मेकॅनिकचा दिवस जातो. असं एखादं काम निघालं की त्याच जागेत असलेले जुने पाइप, रबरं आणि सील तेव्हाच बदलून टाकावेत. भाग स्वस्त असतो, तिथवर हात पोचवणं महाग असतं.

माझा हिशेब असा: गाडीला जेवढे पैसे मोजाल, त्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला असावी. तेवढी नसेल तर आणखी थोडं थांबावं.

गैरसमज: टोयोटा आहे, काही बिघडत नाही

वस्तुस्थिती: हा गैरसमज मला आधीच्या सगळ्यांपेक्षा घातक वाटतो, कारण तो माणसाला इंजिनाचं झाकण उघडायचीच सवय लावत नाही.

तिसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या इंजिनांत एक ठाऊक असलेला दोष आहे. पिस्टनवरचं ऑइल परत खाली जायला जी छिद्रं असतात, ती लहान होती. काळाबरोबर ती कार्बनने बुजतात, रिंगा अडकतात आणि इंजिन ऑइल खाऊ लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, इंजिनाच्या अगदी जवळ, दोन छोटे कॅटॅलिस्ट असतात. जळकं ऑइल सतत त्यांच्यावर गेलं की त्यांची आतली जाळी भुगा होऊ लागते. तो भुगा सिलिंडरमध्ये परत ओढला जातो आणि सिलिंडरच्या भिंती खरवडून काढतो. मग ऑइल आणखी जळतं. शेवटी इंजिन निकामी होतं. पुढच्या वर्षांत टोयोटाने पिस्टन सुधारले. जुन्या गाड्यांचे बरेच मालक मॅनिफोल्डच बदलून घेतात. त्याआधी आपण राहतो त्या देशातला धूर-तपासणीचा नियम पाहून घ्यावा. काहीही केलं तरी रोजचा उपाय एकच: दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून ऑइल बघणं.

दुसरी जागा कूलंटची. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, म्हणून गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप जातात. पहिल्या दोन पिढ्यांत ते गंजतात. जॅक भलत्या ठिकाणी लावला तर चेपले जाऊ शकतात. आणि कूलंट बदलताना त्यातली हवा पूर्ण काढली नाही, तर कुठेतरी बुडबुडा अडकून इंजिन तापतं. ही गाडी न पाहिलेला मेकॅनिक सवयीने वरून कूलंट ओततो आणि झाकण लावून मोकळा होतो. हवा काढायचे व्हॉल्व्ह नेमके कुठे आहेत हे मालकाला माहीत असायला हवं. काम सुरू व्हायच्या आधीच त्याने ते दाखवून द्यावेत.

तिसरी, आणि ब्रिटनमधल्या मालकासाठी सगळ्यात मोठी, गोष्ट म्हणजे गंज. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. पहिल्या पिढीत मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांखालचे पत्रे आधी जातात. तिसऱ्या पिढीत वरून चकाकणाऱ्या गाडीची मागची सबफ्रेम खालून पोकळ झालेली असू शकते. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसऱ्या पिढीपर्यंतच्या ज्या गाड्यांना छताचे दोन काढते काचेचे तुकडे आहेत, त्यांची रबरं म्हातारी झाली की पाणी आत येतं. पायाखालचं कार्पेट उचलून हात लावून पाहावा.

गैरसमज: घ्यायची तर टर्बोच

वस्तुस्थिती: जपानमधल्या दुसऱ्या पिढीच्या टर्बोची ताकद आधी २२५ आणि पुढे २४५ अश्वशक्ती होती. युरोपात टोयोटाने टर्बो अधिकृतपणे विकली नाही, तिथे दिसणाऱ्या टर्बो जपानमधून आणलेल्या असतात. इतक्या वर्षांनी त्यातल्या पुष्कळ गाड्यांच्या टर्बोचा दाब कुणी ना कुणी वाढवलेला असतो, आणि कुणी काय केलं याची नोंद क्वचित असते. कागद चोख असलेली, मूळ स्थितीतली टर्बो सुंदर गाडी आहे. पण पहिल्यांदा मधल्या इंजिनाची गाडी घेणाऱ्याने तिसऱ्या पिढीची सुमारे १४० अश्वशक्तीची गाडी घ्यावी. १००० किलोला ती ताकद पुरते. वळणावळणाच्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगात राहूनही, ती पूर्ण वापरता येते. अंगात ताकद असून वापरता न येणाऱ्या गाडीपेक्षा हे सुख मोठं आहे.

गैरसमज: जेवढी कमी चाललेली, तेवढी चांगली

वस्तुस्थिती: उभी गाडीही म्हातारी होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पेट्रोल शिळं होतं. रबरी सील कोरडे पडतात. ब्रेकच्या डिस्क गंजतात आणि कॅलिपर अडकतात. एकाच जागी उभं राहून टायर चपटे होतात. टायमिंग बेल्टलाही वय असतं. पहिल्या दोन पिढ्यांत बेल्ट आहे, तिसऱ्या पिढीत चेन. नुसता किलोमीटरचा आकडा पाहून जुना बेल्ट चालवत राहणं धोक्याचं आहे.

दर वर्षी थोडी चाललेली, दर वर्षी ऑइल बदललेली आणि त्याची बिलं जपलेली गाडी कापडाखाली झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा भरवशाची. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरावरून तिचा वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. कुठल्या वर्षी गंजाचा शेरा आला आणि तो पुढच्या वर्षी गेला का, हे तिथे दिसतं. विकणाऱ्याच्या बोलण्याआधी हे वाचावं. तिथे ४० वर्षांची झालेली गाडी रोड टॅक्समधून आणि वार्षिक तपासणीतून सूट मिळवू शकते. पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. पण तपासणीची सक्ती नसली, तरी ती दर वर्षी करून घ्यावी.

गैरसमज: रोजच्या कामाची नाही

वस्तुस्थिती: पिढी कुठली, यावर ते अवलंबून आहे. पहिल्या दोन पिढ्यांत इंजिनाच्या मागे खरीखुरी डिक्की आहे. दोघांचं शनिवार-रविवारचं सामान तिच्यात मावतं, मात्र ती गरम होते, तेव्हा दूध-दही तिथे ठेवू नये. तिसऱ्या पिढीत सीटच्या मागे झाकणाचे कप्पे आणि पुढे थोडी जागा, एवढंच. मोठी सुटकेस विसरावी. मूल झालं की दोन सीटच्या गाडीबरोबर घरात दुसरी गाडी लागतेच. ही अडचण खरी आहे आणि घरच्यांशी आधीच बोलून घ्यावी. एरवी कामावर जाणं-येणं, दोघांचा प्रवास, पहाटेचा घाट, या सगळ्याला ही गाडी न कुरकुरता उपयोगी पडते.

तेव्हा घाबरायचं असेल तर कडक झालेल्या टायरांना घाबरा, पोकळ सबफ्रेमला, कोरड्या डिपस्टिकला आणि बिलं नसलेल्या विक्रेत्याला घाबरा. हे चारही धोके विकत घेण्याआधी एका दुपारात तपासता येतात. इंजिन कुठे बसलंय याची भीती बाळगायचं कारण नाही. ते समजून घेतलं की पुरे. या तीन पिढ्यांच्या गाड्या आता पुन्हा बनणार नाहीत, आणि सामान्य पगारात मधल्या इंजिनाचं सुख देणाऱ्या गाड्या दर वर्षी कमी होताहेत. म्हणून चांगली मिळाली तर घ्या, पहिला खर्च टायरांवर करा, दुसरा सस्पेन्शनच्या रबरांवर, आणि मग तिला नियमित चालवा.